एक नांव, दोन धुकीं

पहांटे शाहूपुरींतून पंचगंगेच्या घाटापर्यंत फिरून येणें, हा माझा निवृत्तीनंतरचा नेम आहे. पौषांत निरभ्र, शांत रात्रीनंतर घरून निघतांना रस्त्यावरचे दिवे स्वच्छ दिसतात. पण नदीजवळ येतों तों पलीकडचा तीर धुक्यांत पार बुडालेला असतो. अशा वेळीं एका विद्यार्थ्याची आठवण होऊन मन ओशाळतें.

मी संस्कृतचा शिक्षक. अमरकोशांत नीहार, तुषार, हिम हे शब्द समानार्थी म्हणून आले आहेत. ते पाठ करून घेतांना मीं एकदां सांगितलें, "धुकें थंडींत पहांटे पडतें आणि वारा सुटला कीं विरतें." पन्हाळ्याकडील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे तें पावसाळ्यांत येतें, आणि वाऱ्याबरोबरच येतें." वर्गांत हंशा पिकला. मीं त्याला दटावून खालीं बसविलें.

पुढें एका श्रावणांत पन्हाळ्यावर गेलों आणि माझी चूक मला उमगली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच, तर पन्हाळा ९५० मीटरांच्याहि वर. नैर्ऋत्येचा ओला वारा तो चढ चढूं लागला कीं हवा प्रसरण पावते व दर १०० मीटरांस सुमारें एक अंशानें निवते. मग तिच्यांतील बाष्पाचे जलकण होतात. खालून पाहणारा त्यास मेघ म्हणतो, आंत उभा असणारा धुकें. वारा वाहतो तोंवर तें नवें नवें येतच राहतें.

नदीकाठीं सारें याच्या उलट. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत सोडते. तिच्या स्पर्शानें निवलेली हवा जड होऊन सखल भागांत उतरते. नदीचें आणि पाणी पाजलेल्या उसाच्या फडांचें बाष्प तिला मिळतें. आभाळ भरलेलें असेल तर उष्णता अडते व धुकें सहसा पडत नाहीं. जोराचा वारा आला तर वरची कोरडी हवा मिसळून तें नाहींसें होतें.

दृष्टि १००० मीटरांपर्यंत पोंचेनाशी झाली, कीं शास्त्रज्ञ दोहोंसहि धुकेंच म्हणतात. पण एकास वारा जन्म देतो, दुसऱ्याचा तोच अंत करतो!

माझें वाक्य खोटें नव्हतें. तें पंचगंगेच्या कांठापुरतें खरें होतें, इतकेंच. आपल्या अंगणांतील अनुभव साऱ्या जगास लावणें, ही शिक्षकांची आणि घरांतील वडीलधाऱ्यांचीहि जुनी खोड आहे. परवां नातू म्हणाला, "आजोबा, तें तसें नाहीं." दटावण्याचा शब्द ओठांवर आला होता. तो गिळून मीं विचारलें, "बाळ, तूं कोठें पाहिलेंस?"