सॅसी आणि ठसकेबाज

आमच्या कापडाच्या दुकानात मुलींच्या तयार कपड्यांचा विभाग सुरू झाला, तेव्हापासून माझा इंग्रजी शब्दसंग्रह टी-शर्टांवरील छापील अक्षरांतून वाढत आहे. ‘सॅसी’ हा शब्द मला तिथेच भेटला. गिऱ्हाईक अर्थ विचारते. ‘चुणचुणीत’ असे सांगितले की मुलीची आई समाधानाने माप पाहू लागते. हा अर्थ खरा आहे, पण पुरा नाही.

या शब्दाचे कूळ स्वयंपाकघरातले. लॅटिनमध्ये ‘साल्सस’ म्हणजे खारवलेले. त्यावरून फ्रेंचमार्गे ‘सॉस’ इंग्रजीत आला आणि सोळाव्या शतकात मर्यादा सोडून बोलणाऱ्या माणसाला ‘सॉसी’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बोलीत त्याचेच ‘सॅसी’ झाले. तिथल्या खेड्यांत शिजवलेल्या फळांना आणि परसातील भाजीलाही ‘सॅस’ म्हणत असत. मूळ ‘सॉसी’ला ब्रिटनमध्ये आता चावटपणाचा वास येतो, तो लहान मुलीच्या कपड्यावर छापून आला तर माल परत पाठवावा, असे माझे व्यापारी मत आहे. खोडकर नातवंडाला तिथे ‘चीकी’ म्हणतात, मग तो मुलगा असो की मुलगी. ‘सॅसी’ हे विशेषण मात्र बहुधा मुलीच्या किंवा बाईच्याच वाट्याला येते.

अमेरिकेत या शब्दामागे दुखरा इतिहास आहे. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय माणसाने मालकाला उलट उत्तर देणे हाच अपराध होता आणि त्यासाठी फटके बसत. गुलामगिरी संपली, तरी कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे तोंडाची फटकळ, हे सोंग रंगमंचावर, रेडिओवर आणि पुढे दूरचित्रवाणीवर हशा मिळवत राहिले. त्यामुळे तिथे एखाद्या कृष्णवर्णीय सहकारिणीला कौतुकाने ‘सॅसी’ म्हटले, तरी ते तिला बोचू शकते. याउलट, १९८८ साली किशोरवयीन मुलींसाठी नेमके याच नावाचे एक अमेरिकन मासिक निघाले आणि १९९६ पर्यंत चालले. आयांनी ज्या शब्दाने दटावले, तोच मुलींनी बिल्ल्यासारखा मिरवला.

आपल्याकडे याला एकच शब्द नाही. वयाप्रमाणे शब्द बदलतो. पाच वर्षांची चुणचुणीत, दहाची आगाऊ, पंधराची उद्धट आणि सून होऊन आली की तोंडाळ. बोलणे तेच! मुलगा तसे बोलला तर त्याला आपण हजरजबाबी म्हणतो.

गेल्या जून महिन्यात न्यू जर्सीहून माझी नात सुट्टीसाठी आली होती. ती दुकानात बसली असताना एक जुने गिऱ्हाईक आले. त्यांच्याकडे लग्नाच्या बस्त्याची उधारी सहा महिने थकलेली, आणि ते आणखी माल काढून ठेवा म्हणत होते. मी भिडेने गप्प होतो. गल्ल्यावर बसलेली धाकटी सून हसून म्हणाली, “काका, माल तुमचाच आहे, फक्त मागचा बस्ता अजून आमच्या वहीतच राहिलाय, तोही घेऊन जा ना.” गृहस्थ ओशाळले, पण आठ दिवसांत निम्मी रक्कम आली.

घरी ही हकिकत कळल्यावर मोठ्या काकी म्हणाल्या, “सुनेनं इतकं तोंडाळ असू नये.” नात म्हणाली, “काकू सॅसी आहे!” आणि तिचा चेहरा उजळला होता. धाकट्या मुलाने हेच वाक्य टाकले असते, तर काकींनीच त्याला व्यवहारी म्हटले असते, याविषयी मला शंका नाही. सुनेच्या बोलण्यात अपशब्द नव्हता, खोटे नव्हते, आवाजही चढलेला नव्हता. मग तोंडाळपणा होता तो कशात?

मी मराठी शब्द शोधू लागलो आणि ‘ठसकेबाज’पाशी थांबलो. इंग्रजांनी मिठाकडून घेतले, आपण मिरचीच्या फोडणीकडून. काकींना मी तो शब्द सुचवला.

काकी ऐंशीच्या आहेत. त्या म्हणाल्या, “म्हणा की ठसकेबाज. पण ठसका आम्हांला लागतो. पाण्याचा तांब्या कोण आणून देणार, तुम्ही?”

सून तेवढ्यात तांब्या घेऊन आलीच.