गोठ्यातले तास

अमेरिकेत पशुवैद्यकाच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा, तर जनावरांत किती तास घालवले याचा हिशेब द्यावा लागतो. पशुवैद्याच्या हाताखाली काढलेले तास वेगळे, आणि डॉक्टर नसताना शेतावर, तबेल्यात काढलेले वेगळे. हे ऐकून मला आधी हसूच आलं. आमच्या वाशिम जिल्ह्यात असा हिशेब मांडायला बसलं, तर रिसोड-मानोऱ्याकडच्या दहावीतल्या पोराला वही पुरायची नाही.

आपल्याकडे मात्र हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयात जायचं तर ‘नीट’चे गुण हवेत. ७२० पैकी निम्मे गुण जीवशास्त्राचे, पण गायीच्या अंगाला कधी हात लावलाय का, हा प्रश्न त्यात नाही. उलट अकरावीला पोरगं अकोल्याला नाहीतर लातूरला शिकवणीला जातं आणि ऐन शिकायच्या वयात गोठ्यापासून तुटतं. एमबीबीएस हुकलं की मग परभणी, नागपूर आठवतं. साडेपाच वर्षांचं शिक्षण असं नाइलाजाने सुरू करणारे किती असतील, देव जाणे.

म्हणून इथेही तासांची अट घालावी का? मला नाही वाटत. अट आली की दाखला आला, आणि दाखला आला की तो मिळवून देणाराही आलाच.

खरा अनुभव कुठे असतो, ते आमच्या ओळखीच्या एका घरी पाहिलं. दिवाळीच्या आगेमागे एक बेरारी शेळी सोयाबीनच्या ढिगात तोंड घालून आली होती. डावी कूस तट्ट फुगलेली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? घरधनी म्हणाले, सकाळपासून. मागे दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी हळूच बोलली, “नाही जी, काल सांजीपासूनच हाय. रवंथच नाही करून राह्यली.” डॉक्टरांनी पुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. लेंड्या कशा पडल्या, पाणी प्यायली का, गाभण आहे का. तिला सगळं ठाऊक होतं. शेण काढणं, धार काढणं, शेळ्या-करडं सांभाळणं बहुतेक घरांत बायकापोरींकडे असतं. डॉक्टर आले की उत्तरं द्यायला पुढे होतात बाप्ये. बैलाचे दात पाहून दोनदाती की जुळलेला हे सांगणाऱ्याला आपण जाणकार म्हणतो. शेळीचा कान गार लागला म्हणून रात्री उठणारीला कोणी म्हणत नाही.

तरी गोठ्यात वाढलं म्हणजे सगळं आलं, असंही नाही. फुगलेल्या जनावराला तेल पाजताना त्याचं तोंड आभाळाकडे करणारे हात मी पाहिलेत. तेल श्वासनलिकेत गेलं की पोटाच्या दुखण्यात फुफ्फुसाचं दुखणं वाढतं. घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं; चुकतं कुठे, ते डॉक्टरच्या शेजारी उभं राहिल्यावरच कळतं. अमेरिकेतले ते दोन रकाने मला इथे पटतात. आमच्या पोरांचा एक रकाना भरून वाहतो, दुसरा कोरा. शहरातल्या पोरांचे बहुधा दोन्ही कोरे.

हा डॉक्टरच्या शेजारचा कोरा रकाना भरायची वेळही आयती चालून येते. ‘नीट’ साधारण मेच्या सुरुवातीला होते आणि प्रवेशाचे अर्ज त्यानंतर निघतात. मधल्या काळात पावसाळ्यापूर्वीच्या लशी चालू असतात: गुरांना घटसर्प, फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार. तेव्हा जनावर धरायला माणसं कमीच पडतात. पेपर झाला की गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा, मी येऊ का? आणि घरात शेळ्या राखणारी मुलगी असेल, तर पहिल्यांदा तिला पाठवा.