वाहती जमीन

ब्रह्मपुत्राची वाळू ओली असते तोवर नुसती राखाडी, गुमसुम. पण मुठीत धरून उन्हात उभं राहिलं की वाळता वाळता तिच्यातले अभ्रकाचे कण एकेक करून जागे होतात, आणि हात झटकले तरी तळव्यावरच्या रेषांमध्ये चमचमत राहतात, जणू कुणी तिथे नवं काही लिहून ठेवलं आहे. तिबेटातून नामचा बारवाच्या खोल घळी उतरत आलेला, बर्फानं फोडलेला, पाण्यानं दळलेला हा पर्वत. माझ्या हातात त्याचा चिमूटभर चुरा.

डोंगरात सियांग या नावानं उसळत येणाऱ्या त्या पाण्याला दिबांग आणि लोहित भेटतात, आणि मग समोर एकाएकी सपाटी पसरते. उतार सरतो, वेग सरतो, पण अंगावरचं ओझं तेवढंच असतं. मग ब्रह्मपुत्र ते जागच्या जागी, आपल्याच पात्राच्या मधोमध टाकतो. त्या ढिगाला वळसा घालताना पाणी दुभंगतं, पुढच्या ढिगाशी पुन्हा फाटतं, खाली कुठे तरी एकमेकांत मिसळतं, लगेच नव्यानं विखुरतं. आणि दोन्हीकडे ढकलले गेलेले हे प्रवाह भुसभुशीत काठ खात सुटतात, खाल्लेली माती थोडं पुढे नेऊन ठेवतात, तिथं नवं बेट उगवतं, ते बेट पाण्याला आणखी एका काठावर ढकलतं. पुरात तर तळाची वाळूही चालू लागते. दोन-तीन मजली उंचीच्या तिच्या लाटा पाण्याखालून पुढे सरकत असतात आणि वर होडीतल्या माणसाला दिसतो तो फक्त गढूळ, रुंद, निवांत पृष्ठभाग.

मी कृष्णाकाठची. वाईच्या घाटावरचा काळा पाषाण पायांना पाठ होता. पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढून यायचं, उन्हाळ्यात ओशाळल्यासारखं खाली उतरायचं, पण नदी आपली जागा सोडेल ही शंकाही कधी मनाला शिवली नाही. बेसॉल्टच्या कुशीत वाहणाऱ्या नदीकाठी वाढलेल्या माणसाला काठ म्हणजे न हलणारी गोष्ट वाटते. म्हणून जोरहाटजवळच्या निमाती घाटावर मी दगड शोधत राहिले. बांबू होते, फळ्या होत्या, वाळूत रुतलेली चाकांची ओळ होती, चहाच्या टपऱ्या होत्या. आणि हे सगळं पाणी सरकेल तसं उचलून पुढे-मागे मांडायचं होतं. तिथे घाटच नदामागे चालतो.

पलीकडे माजुली. विसाव्या शतकाच्या आरंभी हजार चौरस किलोमीटरहून मोठं असलेलं हे बेट आज निम्म्याच्या आसपास उरलं आहे. इथे पुराचं भय आहेच, पण पुराला लोक ओळखतात. मिसिंग लोकांची चांग-घरं खांबांवर उभीच असतात, पाणी खालून येतं, खालून जातं. खरी धास्ती पाणी ओसरताना. पावसाळाभर भिजून जड झालेल्या काठाला इतके दिवस पाण्याचाच आधार असतो; पाणी उतरतं, आधार निघून जातो, आणि आतून पोखरलेली जमीन वरून मात्र हिरवीगार दिसत राहते. आधी गवतात केसाएवढी भेग. मग एखाद्या दुपारी, वारा नाही, पाऊस नाही, आभाळ लख्ख धुतलेलं, काठावर पांढऱ्या तुऱ्यांचं रान डोलतंय, आणि सुपारीच्या झाडासकट जमिनीचा एक तुकडा उभ्याउभ्या पाण्यात उतरतो.

धप्प.

आणि नद पुन्हा निवांत.

१५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी ८.६ तीव्रतेच्या भूकंपानं इथले डोंगर सोलून काढले. दरडींनी नद्या अडल्या, मग फुटल्या, आणि तो सगळा मलबा खाली आला; दिब्रुगढपाशी नदाचा तळ सुमारे तीन मीटरनं वर उचलला गेला आणि पुढच्या काळात त्या शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. एका संध्याकाळचं ओझं वाहायला नदाला कित्येक दशकं लागली. डोंगरात पडलेला दगड कुणाच्या तरी नातवाच्या अंगणात पोहोचतो, तो असा.

माती हरवत नाही, हे मला ठाऊक आहे. इथून सुटलेला कण कुठे तरी बेट होतो, बेटावर कुणी मोहरी पेरतं. उरलेली माती बांगलादेश ओलांडून समुद्रात शिरते आणि बंगालच्या उपसागराच्या तळावरून पार श्रीलंकेच्या दक्षिणेपर्यंत पसरत जाते. नदाचा हिशेब चोख आहे. पण ज्याची सुपारी गेली त्याला हा हिशेब कोणत्या तोंडानं सांगायचा? त्याचं शेत खाली कुठे तरी उगवलंही असेल. त्यावर त्याचं नाव नसेल.

माजुलीच्या दक्षिण काठावर, जिथे जमीन ढासळते तिथेच, सालमोराचे कुंभार राहतात. काठात खोल खणून ते चिकणमाती काढतात. बायका चाकाशिवाय, हातानं थापून थापून मडकी घडवतात. भट्टीला लाकूड नदानंच वाहून आणलेलं असतं. मग मडकी होडीत भरून गावोगाव न्यायची आणि बदल्यात भात आणायचा. आधी मला त्यांच्या तिथे राहण्याचं नवल वाटलं, थोडा रागही आला. नंतर, एका ओल्या मडक्याच्या पोटावरून बोट फिरवताना तेच अभ्रक बोटाला लागलं, आणि वाटलं, ही माणसं नदाला थांबवत नाहीत, त्याच्याकडे काही परतही मागत नाहीत. तो नेत असताना मध्येच हात घालतात आणि आपल्या वाट्याचं काढून घेतात. वाईच्या पायऱ्यांवर बसून मला हे कधीच सुचलं नसतं. तिथे नदी काही नेत नव्हती, म्हणून मला वाटायचं, आपलं सगळं आपल्याकडेच आहे.