नंबर दिला, म्हणजे होकार दिला?

मैत्रिणींनो, दारावरची बेल वाजली की आपण काय करतो? आधी जाळीतून बघतो. कोण, कुठून, कशाला आलात, हे विचारतो आणि मगच कडी काढतो. पण मोबाईलचा नंबर? तो मात्र कुणीही कागद पुढे केला की लिहून देऊन मोकळ्या होतो! साडीच्या दुकानात देतो, लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर देतो. आणि नोकरी शोधायला निघालेल्या बाईचं तर विचारूच नका. तिला वाटतं, जितक्या ठिकाणी नंबर, तितक्या ठिकाणी आशा.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. मी स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणजे नंबर लिहून घेणाऱ्या बाजूला. आणि तिथे बसून माझ्या हातून जे झालं, ते तुम्हांला सांगायचं आहे.

आमचं आचोळे नालासोपारा पूर्वेला. एके काळचं गाव, आज वसई-विरार महानगरपालिकेतली गच्च वस्ती. सकाळी घराघरांतली माणसं चर्चगेटची गाडी पकडायला स्टेशनकडे धावतात. पण जिची मुलं लहान आहेत, घरात म्हातारं माणूस आहे, तिला विरार लोकलची ती दगदग परवडत नाही. तिला हवं असतं जवळपासचं काम. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतल्या गाळ्यांमधलं पॅकिंग, शिलाई, दुकानातलं बिलिंग, शाळेतली मदतनीस. अशा बायकांची नावं नोंदवून घेणाऱ्या एका लहानशा कार्यालयात मी काम करते. दोन टेबलं, एक पंखा, एक जाडजूड रजिस्टर आणि कार्यालयाचा एक मोबाईल, एवढा आमचा पसारा.

नाव, शिक्षण, पत्ता, नंबर लिहून झाला की खाली सही. सहीच्या वर मुंगीच्या अक्षरांत एक ओळ छापलेली होती : ‘नोकरीविषयक व इतर माहिती पाठवण्यास माझी हरकत नाही.’ पुढच्या चौकोनात बरोबरची खूणही छापलेलीच! ती ओळ कुणी वाचली नाही. खरं सांगू? मी पण कधी वाचून दाखवली नाही.

एके दिवशी एक बाई आल्या. त्यांचं खरं नाव सांगत नाही, आपण मंदाताई म्हणू या. बारावी झालेल्या, अक्षर सुरेख, बोलणं मोजकं. घरात दोन मोबाईल. एक मुलीच्या अभ्यासासाठी तिच्याकडे, दुसरा यजमानांकडे. मंदाताईंनी यजमानांचा नंबर लिहिला. नोकरीचं घरी अजून बोललेल्या नव्हत्या. काही ठरलं की सांगू, असा त्यांचा विचार. आता हे मला कसं कळणार? विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलंच नाही.

माझी सवय अशी, की रात्री जेवणं उरकली, ओटा पुसला की निवांत बसून सगळ्यांना निरोप पाठवायचे. साडेनऊच्या सुमाराला मी मंदाताईंच्या नंबरावर पाठवलं : ‘उद्या ११ वाजता मुलाखत. येताना आधार कार्ड आणणे. घरी सांगून येणे.’ हे शेवटचं वाक्य मी काळजीपोटी घातलं होतं हो! पण ते वाचलं यजमानांनी, सासूबाईंच्या देखत. पुढे काय झालं असेल, ते तुम्हांला सांगायला नको. “माझ्या पाठीमागे कुठे कुठे नंबर वाटत फिरतेस?” एवढंच मंदाताईंनी मला नंतर सांगितलं. मुलाखतीला त्या आल्या नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण आमच्या मालकांनी नावांची यादी ओळखीच्या दोन कार्यालयांना दिलेली होती. “सगळ्यांचाच फायदा,” असं त्यांचं म्हणणं. झालं! मंदाताईंच्या घरी सकाळ-संध्याकाळ संदेश सुरू. सेल्समन पाहिजे, ड्रायव्हर पाहिजे, घरबसल्या कमवा, कर्ज हवं का. वैतागून त्या आल्या आणि म्हणाल्या, “ताई, माझं नाव काढून टाका.”

मी लगेच रजिस्टरात त्यांच्या नावावर लाल रेघ मारली. पण मोबाईलमधली यादी वेगळी आणि मालकांनी दिलेली त्याहून वेगळी. रेघ फक्त माझ्या वहीत. संदेश पुढे दोन महिने चालूच राहिले. त्या पुन्हा आल्या, तेव्हा मात्र मी तिथल्या तिथे मोबाईलमधून नंबर पुसला आणि त्या दोन्ही कार्यालयांना फोन करून काढायला लावला. वाटलं, सुटले एकदाची.

आणि मग पंधरा दिवसांनी जवळच्याच एका शाळेतून निरोप आला, की मंदाताईंचा अर्ज त्यांना आवडलाय, भेटायला पाठवा. सकाळी आठ ते बारा काम, चालत जाण्याच्या अंतरावर. अगदी त्यांना हवं होतं तसं! आणि माझ्याकडे त्यांचा नंबर नाही. रेघेखालचा आकडा वाचता येईना. पत्ता नुसता ‘तलावाजवळ’. ती जागा दुसरीला गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. चूक कुठली? नको असताना पाठवले ही चूक, की हवा होता तोच पाठवला नाही ही चूक? पडल्या पडल्या लक्षात आलं, की दोन्ही चुका एकच. मंदाताईंना नको होत्या त्या जाहिराती. मुलाखतीचा निरोप त्यांना हवाच होता, फक्त तो स्वतःच्या हातात हवा होता. मी दोन्हींची एकच मोट बांधली होती. होकारही एकदम सगळ्याला, नकारही एकदम सगळ्याला.

पूर्वी आपल्या आया-मावश्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायच्या, तेव्हा पोस्टानं कॉल यायचा. चाळभर बातमी व्हायची हे खरं, पण पाकिटावर नाव असायचं आणि ज्याचं पाकीट त्यानं फोडावं, एवढी रीत होती. मोबाईलच्या संदेशाला पाकीटच नाही. ज्याच्या हातात फोन, त्याच्या डोळ्यांपुढे मजकूर.

मग मी जरा माहिती काढायला लागले. तुम्हांलाही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरण आहे, ज्याला ‘ट्राय’ म्हणतात. त्याच्या २०१८ सालच्या नियमांप्रमाणे जाहिरातीचे घाऊक संदेश साध्या दहा आकडी नंबरावरून पाठवता येत नाहीत. पाठवणाऱ्या संस्थेला टेलिफोन कंपनीकडे नोंदणी करावी लागते, संदेशाचा नमुनाही आधी नोंदवावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये या नियमांत सुधारणा झाली. आता अशा नोंदणीकृत संदेशाच्या पाठवणाऱ्याच्या नावापुढे छोटी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेचा निरोप, ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा, ‘जी’ म्हणजे सरकारी. जाहिरातीच्या संदेशात ‘नको’ म्हणण्याची सोय देणं सक्तीचं केलं आहे आणि एकदा नको म्हटलं, की ९० दिवस पुन्हा संमती मागायला यायचं नाही, असाही नियम आहे.

दुसरा कायदा आपल्या माहितीबद्दलचा : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संमतीच्या मुख्य कलमांच्या अंमलासाठी तिथून १८ महिन्यांची मुदत ठेवली. संमती म्हणजे काय, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ती मोकळ्या मनानं दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, समजून-उमजून दिलेली हवी आणि स्वतःच्या कृतीनं दिलेली हवी. म्हणजे आमच्या कागदावरची ती आधीच छापलेली खूण बाद! माहिती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे आपल्या मराठीतही, मागता येते. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही, की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती परत घेणंही सोपं असलं पाहिजे.

अमेरिकेत अशा फोनांबद्दल १९९१ सालापासून कायदा आहे. पुढे मोबाईलचे संदेशही त्यात आले. तिथे नियमबाह्य एकेका संदेशामागे ५०० डॉलरची भरपाई मागता येते. त्यामुळे नोकरी देणाऱ्या कंपन्याही उमेदवाराला आधी विचारतात आणि त्यानं ‘स्टॉप’ एवढा शब्द उलट पाठवला, की संदेश थांबवतात. आपण काही डॉलर मोजायला बसलेलो नाही, पण विचारून पाठवायला काय हरकत आहे?

मालकांशी दोन दिवस वाद घातला आणि कागद बदलून घेतला. यादी बाहेर द्यायची नाही, हेही कबूल करून घेतलं. आता रजिस्टरात नंबरापुढे पाच रकाने आहेत : नंबर कोणाचा, मुलाखतीचे निरोप पाठवू का, इतर जागांची माहिती पाठवू का, कुठल्या वेळात, आणि कधीपर्यंत. प्रत्येक रकाना मी तोंडानं विचारते आणि उत्तर त्या बाईच्या हातानं लिहून घेते, तारखेसकट. सहा महिन्यांनी पुन्हा विचारते. कुणी ‘नको’ म्हटलं तर वही आणि मोबाईल, दोन्हींकडचं त्याच दिवशी बदलते. कामाला जरा वेळ लागतो खरा. पण डाळ निवडायचा कंटाळा केला तर खडा दाताखाली येतोच ना!

आता टेबलाच्या तुमच्या बाजूबद्दल. नोकरीसाठी नंबर देताना चार गोष्टी जरूर विचारा. हा नंबर आणखी कुणाला देणार का? निरोप कुठल्या नावानं किंवा नंबरानं येईल? कशाकशाबद्दल येईल? आणि बंद करायचा असेल तर कुणाला सांगायचं? उत्तर द्यायला जे टाळाटाळ करतील, तिथून सरळ उठून या. फोन दुसऱ्याचा असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे निरोप देणारी माझ्यासारखी बाई नुसतं ‘कार्यालयात फोन करा’ एवढंच लिहील. त्यात लाज कसली?

कुठे कुठे नंबर दिला, ते किराणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे. ज्यांना आपण ‘हो’ म्हटलेलंच नाही, अशांकडून नोकरीचा संदेश आला की तो परका, हे लगेच ओळखता येतं. ‘घरबसल्या काम, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असं कुणी म्हणालं तर एक रुपया पाठवू नका. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. नुसतेच संशयास्पद संदेश असतील तर सरकारच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे कळवा. आणि नको असलेल्या जाहिरातींची तक्रार १९०९ वर, संदेश आल्यापासून सात दिवसांच्या आत करता येते.

तुम्ही म्हणाल, मंदाताईंचं पुढे काय झालं? गेल्या पावसाळ्यात छत्री झटकत त्या दारात उभ्या राहिल्या. मला आधी ओशाळल्यासारखंच झालं. त्यांनी स्वतःचा फोन घेतला होता, शिवणाच्या पैशांतून. घरीही सांगून आल्या होत्या. “हे आधी नाहीच म्हणत होते,” त्या म्हणाल्या, “मग म्हणाले, जे काय ते समोरासमोर कर.”

मी रजिस्टर उघडलं. शाळेची जागा कशी गेली, ते त्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्या थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “राहू दे. आता लिहा.”

“मुलाखतीचे निरोप पाठवू?”

“हो.”

“इतर जागांची माहिती?”

“नको.”

“वेळ?”

“दुपारी दोन ते चार. तेव्हा फोन माझ्या हातात असतो.”

मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. त्यांच्या त्या सुरेख अक्षरांत त्यांनी एकेक रकाना भरला, भरलेलं पुन्हा वाचलं आणि मग सही केली.

शाळेसारखी जागा अजून आलेली नाही. पॅकिंगची एक आली होती, तिचा निरोप मी बरोबर सव्वादोनला पाठवला. वेळ जमत नाही, असं त्यांनी उलट कळवलं. पण कळवलं त्यांनी, स्वतःच्या फोनवरून.

बघा, तुमच्याही घरात कुणी लेक, सून, वहिनी कामाच्या शोधात असेल. तिच्या नावाचा निरोप तुमच्या फोनवर आला तर तेवढा तिच्या हातात नेऊन द्या. वाचायचा आधी तिनं.