न लिहिलेल्या ओळी

भाषांतर म्हटलें, कीं साहित्यप्रेमी वाचकाच्या डोळ्यांपुढें देवलांचा झुंझारराव उभा राहतो. १८९० सालीं ऑथेल्लोनें आपला पोषाख अंगावर चढविला. हें भाषांतर कीं रूपांतर, असा वाद आपण हौसेनें घालतों. या वादांत आम्ही कायमचे शब्दशः भाषांतराच्या बाजूचे. आमची ही बुद्धि ठिकाणावर आणली ती एका निराळ्याच भाषांतरानें. तें संगणकाच्या एका भाषेंतून दुसरींत करावयाचें होतें: लिस्पमधून सीमध्यें.

लिस्प ही जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. येथें सुरू केलेली भाषा. तींत सारा कारभार कंसांत बसविलेल्या याद्यांचा. सी ही डेनिस रिची यांची, बेल लॅबोरेटरीजमधली, १९७२च्या सुमाराची, मोठी रोखठोक. यंत्राच्या स्मृतींतील जागा मागून घ्यावी, वापरावी आणि आठवणीनें परत करावी, हा तिचा खाक्या. लिस्पमध्यें जागा न मागतां मिळते, आणि परत करण्याचें नांवच नाहीं.

आम्ही गणित शिकवितों आणि आवडीनें संगणकाचा एक वर्गही घेतों. कांहीं वर्षांपूर्वीं शेवटच्या वर्षाच्या मुलांना आम्हीं स्वाध्याय दिला: कॅलक्युलसांतील विकलन करणारी दहा-बारा ओळींची लिस्प आज्ञावली सीमध्यें उतरवा. एका मुलानें आणलेलें काम मुळाच्या चौपट लांब होतें, आणि उत्तरें बिनचूक होतीं. पण घेतलेली एकही जागा त्यानें परत केली नव्हती. आम्हीं लाल शाईनें शेरा मारला, ‘खरकटें काढलेलें नाहीं’, आणि निम्मे गुण कापले. तो येऊन अदबीनें म्हणाला, “सर, कुठली जागा मोकळी करायची तेंच ठरवतां येत नाहीं. एकच तुकडा दोन ठिकाणीं लागतो.” “आळसाला कारणें पुष्कळ सांपडतात,” असें आम्ही चार मुलांदेखत म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं.

उन्हाळ्याच्या सुटींत नमुन्याचें उत्तर स्वतःच लिहावें म्हणून बसलों. दोन पदांच्या गुणाकाराचें विकलन म्हणजे पहिलें पद गुणिले दुसऱ्याचें विकलन, अधिक दुसरें पद गुणिले पहिल्याचें विकलन. म्हणजे मूळ पदें उत्तरांत जशीच्या तशीं येतात. लिस्प त्यांची नक्कल करीत बसत नाहीं. उत्तरांत नुसता त्यांचा पत्ता नोंदविते. आम्हींही सीमध्यें तसेंच केलें. मग मोठ्या टापटिपीनें मूळ पदावलीची जागा मोकळी केली, आणि उत्तर छापूं गेलों, तों त्यांत भलतींच चिन्हें! खरकटें समजून आम्हीं फेकलें तें ताटांतलें अन्न होतें. बरें, दर वेळीं नक्कल करावी, तर मोठ्या पदावलीला जागा किती लागेल याचा सुमार राहत नाहीं. रात्रीं दोन वाजतां दिवा मालवितांना त्या मुलाचें वाक्य आठवलें. मग झोंप कसली लागते!

दुसऱ्या दिवसापासून जुने निबंध धुंडाळूं लागलों. लिस्पच्या इतिहासासंबंधीं लिहितांना मॅकार्थी सांगतात, कीं नेमकी हीच अडचण त्यांना विकलनाच्याच आज्ञावलींत आली होती. टाकलेल्या याद्या पुसण्याच्या सूचना मध्यें मध्यें घालून ती देखणी व्याख्या बिघडविणें त्यांच्या जिवावर आलें. पुढें तें काम भाषेनेंच अंगावर घेतलें: जागा संपत आली, कीं ज्या याद्यांपर्यंत एखादा तरी पत्ता पोहोंचतो त्यांवर खूण करावयाची आणि बाकीच्या झाडून न्यावयाच्या. आम्हीं वर्गास दिलेल्या त्या दहा-बारा ओळींत ही झाडलोट कोठेंच लिहिलेली नाहीं, आणि सारी मदार तिच्यावर!

जाणत्या भाषांतरकारांच्या नजरेंतून ती सुटली नाहीं. क्योटो विद्यापीठांतील युआसा आणि हागिया यांनीं १९८४ सालीं सिद्ध केलेलें ‘क्योटो कॉमन लिस्प’ लिस्पचें सीमध्यें भाषांतर करून देतें, पण सोबत आपली झाडलोटीची यंत्रणाही आणतें. बोम आणि वायझर यांनीं १९८८ सालीं खुद्द सीलाच अशी यंत्रणा जोडून दाखविली. स्मृतींत जें जें पत्त्यासारखें दिसेल तें पत्ताच समजावें. थोडें खरकटें मागें राहिलें तर राहूं द्यावें, पण अन्न फेकूं नये, असा तिचा सावध बाणा.

आमच्या विद्यार्थ्यानें तरी दुसरें काय केलें होतें? ती इवलीशी आज्ञावली क्षणभर चालून संपते आणि संपतांच सारी जागा यंत्राकडे आपोआप परत जाते, हें त्यानें ओळखलें होतें. सी लिहितांना तो सीच्या घरीं गेला होता. आम्ही मात्र मुळांत नसलेली शिस्त भाषांतरांत शोधीत बसलों.

निकाल केव्हांच लागून गेला होता, गुण वाढविणें नियमांत बसत नव्हतें. आम्हीं त्यास पत्र लिहिलें. दोन ओळींचें उत्तर आलें: नोकरी बरी चालली आहे, दिवसभर सीच लिहितों. आमच्या कबुलीसंबंधीं त्यांत एक अक्षर नव्हतें. त्याचे ते कागद अजून आमच्यापाशीं आहेत. दरसाल स्वाध्याय देण्यापूर्वीं ते वर्गांत फिरवितों. लाल शेरा खोडलेला नाहीं. मुलें तोही वाचतात.