रात्री बेल कोण ऐकतं?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रामनवमीची यात्रा उठून चार दिवस झाले होते. यात्रेत आमच्या पोहरादेवीला पाय ठेवायला जागा नसते. तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातून बंजारा भाविकांच्या गाड्या येतात. ती गर्दी ओसरली आणि त्याच आठवड्यात आमच्या खाला फजरच्या वुजूसाठी उठल्या नि अंगणात घसरून पडल्या. वय 74. खुब्याचं हाड मोडलं.

खाला म्हणजे माझ्या अम्मीची धाकटी बहीण. बेवा, मूलबाळ नाही. अम्मीच्या इंतकालनंतर त्या आमच्याकडेच राहतात. अलिफ-बे मी त्यांच्याच मांडीवर बसून शिकले. आज शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यातली अर्धी कमाई त्यांची आहे.

भाईजाननी पुण्याहून फोन केला. "पैशाची फिकीर करू नकोस. चांगल्या ठिकाणी ने."

चांगलं ठिकाण कसं ओळखायचं? मी ओळखलं ते असं: काचेचा दरवाजा, चकचकीत फरशी, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं, कोपऱ्यात रंगीत माशांची पेटी. एका खासगी नर्सिंग होमला मी दहा मिनिटांत पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. वर त्यांनी सांगितलं, "रात्री आमच्या आया असतात, नातेवाइकांनी थांबायची गरज नाही." उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची असते. सातला हजर व्हायचं होतं. खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं.

ऑपरेशन उत्तम झालं. त्याचं श्रेय डॉक्टरांना द्यायलाच हवं. मी रोज दुपारी जायची, असरपर्यंत थांबायची. चादर स्वच्छ, खाला शांत. सहाव्या दिवशी कपडे बदलताना मी त्यांना कुशीवर वळवलं आणि माकडहाडाच्या जागी मोठ्या नाण्याएवढी कातडी निघालेली दिसली. सभोवती जांभळट लाल.

"खाला, सांगितलं का नाही?"

"रात्री बेल दाबली होती बेटा, दोनदा. मग वाटलं, बिचारी झोपली असेल."

आणखी एक गोष्ट हळूच कळली. असरनंतर त्यांनी पाणी पिणं सोडलं होतं. रात्री भांडं मागायची वेळ येऊ नये म्हणून. विदर्भातला एप्रिल, बाहेर झळा, आणि माझी खाला तहान मारून पडून होती.

मी तावातावाने खाली गेले. काउंटरवर विशी-बाविशीची नर्स होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "ताई, रात्री दोन मजले, अठरा खाटा, मी आणि एक आया. बेल वाजते ते कळतं. पण एकाच वेळी दोन ठिकाणी कशी जाऊ?"

माझा राग तिथेच बसला. चूक त्या मुलीची नव्हती. रात्री किती माणसं लागतात हा हिशोब ज्यांनी केला, त्यांची होती. आणि थोडी माझीही. रात्री किती जणी असतात, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. माशांची पेटी मात्र पाहिली होती.

मी वीस वर्षं शिकवते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळा कशी सजते, हे मला सांगायला नको. फळ्यावर सुविचार, मुलांची नखं कापलेली, दप्तर अद्ययावत. बीएडला मूल्यमापन शिकले, रोजच्या कामातून मूल जोखावं, एका दिवसाच्या परीक्षेतून नव्हे, असं शाळेत सांगतेही. तरी स्वतःच्या खालाच्या वेळी सजवलेल्या दिवसालाच गुण देऊन बसले.

जखमेला आणखी तीन आठवडे ड्रेसिंग लागणार होतं. या वेळी मी दुसरं ठिकाण बघायला गेले ती इशानंतर, साडेनऊला, न कळवता. जुनी इमारत, रंग उडालेला. माशांची पेटी नाही. पण प्रत्येक खाटेशी पाण्याचा पेला हात पोचेल असा ठेवलेला. लघवीचा वास नाही, आणि तो झाकायला मारलेल्या अत्तराचाही नाही. दाराशी स्टुलावर आया बसलेली, हातात वही. वहीत वेळ आणि कूस: नऊ वाजता डावी, अकरा वाजता उजवी. मागची पानं उलटली. पहाटे तीनच्या नोंदीही होत्या. रात्री किती जणी, विचारलं. दहा खाटांना तिघी.

ती आया तांड्यावरची होती. खालाला पहिल्याच रात्री विचारलं, "याडी, कोणत्या कुशीवर झोप लागते?" याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. खालाला तो शब्द इतका आवडला की अजून सांगतात. अंग पुसायला पुरुष वॉर्डबॉय येणार नाही, हे मी सांगण्याआधी तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी खाला पडल्या-पडल्या तयम्मुमसाठी माती मागत होत्या, तेव्हा तिने ती आणून दिली आणि विचारलं, "तुमचं तोंड पश्चिमेला लागतं ना?" मग खाट तशी फिरवली.

आपल्या कायद्यात नर्सिंग होमला शुश्रूषागृह म्हणतात. शुश्रूषा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून आला. मी हा शब्द वर्षानुवर्षं मुलांकडून शुद्ध लिहून घेते, ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापते. त्याचा अर्थ मला तांड्यावरच्या त्या बाईने शिकवला. उर्दूत आपण तीमारदारी म्हणतो. फारसीत तीमार म्हणजे काळजी, गम. दुसऱ्याची काळजी स्वतःपाशी बाळगणं म्हणजे तीमारदारी.

तिथल्या सिस्टरने जे समजावलं ते इथे लिहिते, कारण कोणत्याही घरात उद्या लागू शकतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. हवेची गादी असली तरी बदलावी. टाचा, खुबे, माकडहाड, कोपरं आणि डोक्याचा मागचा भाग रोज पाहावा. लाल डाग बोटाने दाबून पाहावा. दाबल्यावर लाली जात नसेल तर जखम सुरू झाली समजावं. तो डाग चोळू नये. मध्ये भोक असलेली रबरी रिंग खाली ठेवू नये, तिने रक्तपुरवठा आणखी अडतो. कातडी कोरडी ठेवावी. अंडं, डाळ, दूध, जे पचेल ते द्यावं. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, म्हणून मागायची वाट न पाहता पाणी पाजावं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच लिहून ठेवलं आहे की अशी जखम बहुधा आजाराने होत नाही, देखभालीतल्या कसुरीने होते.

आणि दवाखाना निवडताना नोंदणीचं प्रमाणपत्र मागावं. महाराष्ट्रात ही नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. 2021 मध्ये नियम सुधारले, त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. लावलेलं नसेल तर विचारायला लाजू नये. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

इथवर मी दुसऱ्यांची तपासणी केली. आता स्वतःची सांगते.

तीन आठवड्यांनी खालाला घरी आणलं. आठवडाभरात वीसेक लोक इयादतला आले. फळं आणली, दुआ केली. काहींनी मला बाजूला घेऊन सुनावलंही, "इतके दिवस परक्यांच्या हाती टाकलं? घरचं माणूस ते घरचं." मी मान खाली घातली. पण वीसांपैकी एकानेही खालाला विचारलं नाही की शेवटचं पाणी कधी प्यालात. इयादत या अरबी शब्दाच्या मुळाशी परत येणं आहे. आपण एकदा येतो, केळी ठेवतो आणि सुटतो.

चौथ्या रात्री मला झोपेत पेला वाजल्यासारखं वाटलं. मी कूस बदलून झोपले. सकाळी खालाची चादर ओली होती.

"मला उठवायचं ना, खाला."

"दिवसभर थकतेस बेटा. वाटलं, बिचारी झोपली असेल."

तेच शब्द. त्या नर्सबद्दल बोललेले, आता माझ्याबद्दल. तिच्याकडे अठरा खाटा होत्या. माझ्याकडे एक.

सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईवडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नका, अशी ताकीद आहे. खाला ही आईच्या जागी असते, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. मी कधी 'उफ्' म्हटलं नव्हतं. पण मला ते म्हणायची वेळ येऊ नये म्हणून खालानेच मागणं बंद केलं, तर त्याचा हिशोब कोणाच्या खात्यात?

त्या दिवशी मीही एक वही घातली. रात्रीच्या पाळ्या ठरल्या. बाराची माझी, दोनची माझ्या मुलाची आणि माझी मिळून, चारची पुन्हा माझी. माझे शौहर पहाटे चहा आणि नाश्ता बघू लागले, म्हणजे मला तासभर जास्त झोप मिळे. मे महिन्यात भाईजान आणि भाभी दहा दिवस येऊन राहिले. पहिल्या रात्रीच भाईजान म्हणाले, "मी पैसे पाठवून समजत होतो की झालं." मी काही बोलले नाही. वही त्यांच्या हातात दिली.

घर की दवाखाना, घर की वृद्धाश्रम, यावर आपल्यात बरीच बोलणी होतात. मला आता तो वाद पुरेसा वाटत नाही. ज्यांच्या घरी कोणी नाही, किंवा सगळेच कामावर जातात, त्यांना बाहेरचा आधार लागणार. त्यात लाज नाही. जिथे रात्री तीनला पाणी मिळतं ते ठिकाण चांगलं, मग पाटी कोणतीही असो. आणि जिथे म्हातारं माणूस संकोचाने तहानलेलं राहतं, तिथे आपण सगळे एका छताखाली असलो तरी नापास आहोत.

अल्हम्दुलिल्लाह, दोन महिन्यांत जखम भरली. आता खाला वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. त्यांच्या उशाशी आम्ही वायर नसलेली बेल लावली आहे, तिचा आवाज माझ्या खोलीत येतो. सुरुवातीला त्या ती दाबतच नसत. रोज सांगावं लागे.

परवा रात्री दीडला बेल वाजली. मी धावत गेले. "काय झालं खाला? पाणी हवं?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "बघत होते, ऐकतेस का."