काकांचे हिंडणे

‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण आम्ही वर्गात मुलांना पुष्कळदा समजावून सांगितली. परंतु ती आमच्याच घरास किती लागू पडते हे कळावयास आम्हांस वयाची साठी ओलांडावी लागली.

आमचे धाकटे काका आज ८१ वर्षांचे आहेत. गेली तीस वर्षे पहाटे स्नानसंध्या आटोपून, हाती काठी घेऊन ते पायी बाहेर पडत. सोमवारी सोमेश्वर, गुरुवारी तपोवनात कपिलासंगम, शनिवारी दुतोंड्या मारुती, आणि महिन्यातून एकदा गावापासून आठ किलोमीटरांवरील पांडवलेणी, असा त्यांचा क्रम. गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या कोठवर चढले हे पाहिल्यावाचून त्यांना अन्न गोड लागत नसे. १९६९ व २००८ या दोन्ही सालच्या पुरांची तुलना ते डोळ्यांनी पाहणाराच्या अधिकाराने करीत. नारोशंकराच्या देवळापुढे घरातील प्रत्येक नातवंडाला उभे करून, ही घंटा १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली त्या विजयाची खूण, हे त्यांनीच सांगितले आहे. घरात मात्र या सगळ्याला ‘काकांचे खूळ’ असेच म्हणत. आम्हीही म्हणत असू.

गेल्या पावसाळ्यात रामकुंडाजवळ शेवाळलेल्या पायरीवरून काका घसरले. हाड मोडले नाही. परंतु घराचा धीर सुटला. काकांनी यापुढे गच्चीवरच फेऱ्या घालाव्या असा सर्वानुमते ठराव झाला, आणि तो त्यांच्या कानी घालण्याचे काम, मास्तर म्हणून, आमच्याकडे आले. आम्ही मुद्देसूद बोललो. काकांनी ऐकून घेतले, काठी दारामागे उभी केली, आणि एक शब्दही काढला नाही.

दोन महिन्यांत त्यांचे जेवण निम्म्यावर आले. दिवसभर ते चौकात बसून समोरच्या बंद खोलीकडे पाहत राहत. डॉक्टरांना रोग सापडेना. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी आम्हांस सुनावले, “तुम्ही त्यांचे पडणे वाचवलेत, पण चालणे घालवलेत. एवढी काळजी वाटते तर बरोबर जावे की!”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मार्गशीर्षातल्या एका पहाटे आम्ही दोघे पांडवलेण्यांस निघालो. काका संथ, पण अखंड चालत होते. वाटेत दोनदा बसावे लागले ते आम्हांस.

येथे एक कबुली दिली पाहिजे. सातवाहनांचा धडा आम्ही तीस वर्षे शिकविला. त्रिरश्मी पर्वतावरील ती २४ लेणी, नहपानाचा जावई उषवदात याची दाने, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, सारे मुखोद्गत. परंतु प्रत्यक्ष लेण्यांपर्यंत आम्ही दोनदाच गेलो होतो, तेही सहलीची मुले मोजीत. काकांना त्या लेखांतले एक अक्षर वाचता येत नाही. पण पाण्याची टाकी कोठे आहेत, कोणत्या ओसरीत ऊन केव्हा शिरते, हे सर्व त्यांना ठाऊक.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत टेकल्यावर भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, “अरे, इतकी वर्षे मी याच्यापुढे बसतो. यात लिहिले आहे तरी काय?”

आम्ही सांगू लागलो. हे लेणे भिक्षूंना दान देणारी गौतमी बलश्री ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेखावर वर्ष आहे ते नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचे १९ वे. तेव्हा पुत्र हयात नसावा, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे. सत्य, दान, क्षमा, तप यांत रमलेली, एवढेच स्वतःविषयी सांगून तिने लेखाचा मोठा भाग पुत्राच्या वर्णनाला दिला आहे: तो कोणकोणत्या देशांचा राजा होता, त्याचे मुख उमललेल्या कमळासारखे कसे होते, आईच्या सेवेत तो कधी कसा चुकला नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “म्हणजे तिचाही गेला होता.”

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. काकांचा एकुलता मुलगा ऐन पंचविशीत गेला, त्याला तीस वर्षे झाली. चौकातली ती बंद खोली त्याचीच. आणि काकांचे हिंडणे सुरू झाले तेही त्याच वर्षी. एका घरात राहून हा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता!

उतरताना काका आपणहून बोलले, “त्याला ही जागा फार आवडे. चालत आलो म्हणजे वाटेत त्याच्याशी चार शब्द बोलून होतात. गच्चीवर ते होत नाही रे.”

परतताना आम्ही रिक्षा केली. त्या रात्री काकांनी पोळी मागून घेतली.

आता घराने नवा ठराव केला आहे. पावसाळ्यात ओल्या घाटावर जावयाचे नाही, पायांत न घसरणारे जोडे हवेत, आणि बरोबर घरचे कोणीतरी असलेच पाहिजे. सोमवारची पाळी आमची. सोबत्याने दोन पावले मागे राहावे, एवढी एकच अट काकांनी घातली आहे. ती आम्ही कसोशीने पाळतो.

वाचकहो, आपल्या घरीही असे एखादे वडील माणूस असेल. त्याची काठी दारामागे ठेवण्यापूर्वी, ते कोठे जाते आणि कशासाठी जाते, हे एकवार त्याच्याबरोबर चालून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.